आडनाव तेच, माणसं वेगळी

"स्वतःचं आडनाव लिहा. माझं नको."

त्याच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हे. वाचनकक्षाच्या खिडकीवर मागणीची चिठ्ठी भरावी लागते – नाव, आडनाव, कुणाचे कागद हवेत. या उंच, किंचित वाकून उभ्या असलेल्या माणसानं आडनावाच्या जागी चक्क माझं आडनाव लिहिलं होतं. समोर माझ्या नावाची पाटी. मला वाटलं, आला एक टवाळ.

त्यानं चिठ्ठी पाहिली, पाटी पाहिली, मग मला पाहिलं. जरा जास्तच वेळ.

"माझंच आहे हो. तुम्ही माझं लावलंय बहुतेक."

"मी जन्मापासून लावतेय."

"मीसुद्धा. फक्त माझं आईकडून आलंय. तिनं लग्नात बदललं नाही आणि मलाही तेच दिलं."

हे ऐकून मी थोडी निवळले. मग त्याला कुणाचे कागद हवेत ते वाचलं आणि पुन्हा तापले. प्राध्यापकांचे! म्हणजे हा त्यांचा नातू.

सांगते. आमच्या संस्थेत अभ्यासकांची कागदपत्रं जपतात आणि मी त्यांची सूची करते. कुठला कागद कुणाचा, याचं कार्ड. चाळीस वर्षांपूर्वी इथल्या कुणा शहाण्याला एकाच आडनावाची, एकाच आद्याक्षराची दोन माणसं सापडली. एक प्राध्यापक, नेच्यांवर लिहिणारे, ज्यांची तसबीर दिवाणखान्यात आहे. दुसरी माझी आत्या, शेवाळांवर लिहिणारी. शहाण्यानं ठरवलं, दोघंही झाडपाल्यातलीच, तेव्हा माणूस एकच. आत्याच्या कार्डावर सगळं खोडून एक शब्द लिहिला – "पाहा". पुढे प्राध्यापकांचं नाव. आमच्या धंद्यात "पाहा" म्हणजे इथे काही नाही, तिकडे जा.

माझी आत्या एकोणऐंशी वर्षांची आहे. धडधाकट. अजून रोज मागच्या भिंतीचं शेवाळ भिंगातून बघते. तिच्या मूळ वह्या माळ्यावर भिजून गेल्या. उरल्या त्या टाइप केलेल्या प्रती, खाली नुसतं आद्याक्षर आणि आडनाव. दोन वर्षं मी अर्ज करत होते आणि संचालक दोन वर्षं म्हणत होते, "पुरावा आणा." आता प्राध्यापकांच्या जन्मशताब्दीचे समग्र खंड निघणार होते. दुसरा खंड सगळा शेवाळांचा. दहा दिवसांत छापायला जाणार. एकदा छापून झालं की संपलंच, मग कार्डाला कोण विचारतो?

आणि खंडांचा संपादक हा.

"तुमच्या आजोबांनी माझ्या आत्याचं आयुष्य लाटलंय," मी त्याला तिथेच सांगून टाकलं. आडपडदा कशाला ठेवायचा?

"मग मला कागद द्या. मी वाचतो."

"देईन. नियम आहे म्हणून. आवडीनं नाही."

"हसून दिलेत तर नियम मोडतो का?"

मी हसले नाही. म्हणजे... तो वळल्यावर हसले. "आधी हिरवी फाईल वाचा," एवढंच म्हटलं. त्यानं शांतपणे लाल उचलली.

"हिरवी म्हटलं मी."

"ही नाही का?" तो ओशाळला. "मला लाल-हिरवा सारखाच दिसतो. तुमचा स्वेटर कुठल्या रंगाचा आहे ते विचारू नका. छान दिसतोय, एवढं कळतंय."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या फायलींवर पेन्सिलीनं "ला" आणि "हि" लिहून ठेवलं. माणुसकी म्हणून. बाकी काही नाही... असं मी स्वतःला बजावलं.

तो रोज यायचा. वाचायचा, टिपणं काढायचा, मध्येच मान वर करून विचारायचा, "तुमची आत्या इतकी विनोदी आहे का हो?" तिच्या टिपणात लिहिलेलं, अमुक शेवाळ पाहुण्यासारखं, एकदा आलं की हलत नाही. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "हे आजोबांचं वाटत नाही. त्यांना विनोद वर्ज्य होता." आम्ही "तुम्ही"वरून "तू"वर कधी आलो, ते दोघांनाही कळलं नाही.

त्याच संध्याकाळी मी त्याला घरी घेऊन गेले. भुरभुर पाऊस होता. आत्या छत्री धरून मागच्या भिंतीपाशी उभी. तिनं त्याला लगेच कामाला लावलं.

"हे बघ पोपटी. हे तेलकट हिरवं. आणि हे, उन्हातल्या बाटलीसारखं."

"मला सगळं सारखंच दिसतं, आत्या."

तिनं भिंग खाली घेतलं. "आईच्या वडलांकडून आलं असणार. असंच येतं ते."

तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यातच राहिलं. "आजोबा बाजारातून कच्चे टोमॅटो पिकलेले म्हणून आणायचे. घरात थट्टा व्हायची त्यांची..."

पाऊस छत्रीवर वाजत होता. शेवाळांची ती सगळी पानं म्हणजे नुसते हिरवे रंग. एकेका जातीचे पाच-पाच हिरवे. ज्याला टोमॅटो कळत नव्हता, त्यानं ते लिहिले?

"तुला माहीत होतं," मी आत्याला म्हटलं.

"मी सरांच्या हाताखाली काम करायचे. ते पानाचा आकार बघून जात ओळखायचे. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रंग मला विचारायचे. कुणाला सांगू नको म्हणाले, मी शब्द दिला."

"मी दोन वर्षं अर्ज खरडतेय आणि तू शब्द धरून बसलीस? ते जाऊन वीस वर्षं झाली!"

"माणूस गेला म्हणून शब्दही जातो का गं? आणि आताही मी कुठे सांगितलं? यानंच सांगितलं."

फाटकापाशी तो थांबला. केस भिजून कपाळावर आलेले. "आईचे वडील आहेत ते. दैवत आहेत तिचं. मी कसं..."

"मग झाकून ठेव," मी म्हटलं. "पण उद्यापासून माझ्या खिडकीवर येऊ नकोस. तू मला आवडतोस, आणि आवडणारा माणूस खोटा निघालेला मला बघवणार नाही."

बोलून गेले. तोंडाला कुलूप नाही माझ्या. तो गेला आणि तीन दिवस फिरकला नाही. मी फायली आपटत होते, कारण नसताना लोकांवर खेकसत होते. मला राग येत होता आणि त्याची आठवण येत होती, दोन्ही एकदम. असलं काही फार वाईट.

चौथ्या दिवशी संपादक मंडळाची बैठक. सूचीकार म्हणून मी कोपऱ्यात बसलेले. तो आला, माझ्याकडे न बघता उभा राहिला आणि शेवाळांचं पहिलं पान वाचायला लागला. पोपटी, तेलकट हिरवा, राखेतला हिरवा... बारा रंग वाचले. मग टोमॅटोची गोष्ट सांगितली.

"घरातल्या गमती म्हणजे पुरावा नव्हे," संचालक म्हणाले.

त्यानं खिशातून एक पिवळट पत्र काढलं. तरुणपणी रेल्वेत इंजिन चालवायला अर्ज केला होता प्राध्यापकांनी. लाल-हिरवा सिग्नल ओळखता येत नाही म्हणून नकार आलेला.

"हे आईनं दिलंय. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी स्वतः ट्रंक उघडली. म्हणाली, मी माझं आडनाव सोडलं नाही, तर दुसऱ्या बाईचं काम बाबांच्या खात्यात कसं राहू देऊ? हा खंड आजोबांच्या नावानं निघणार असेल तर मी संपादक नाही. माझं नाव काढा."

संचालक घसा खाकरत म्हणाले, खंड तूर्त थांबवू, कार्डाचं समिती ठरवेल.

"समितीला चहा द्या," मी म्हटलं. "कार्ड मी करते."

सगळ्यांसमोर खाली गेले, खण ओढला आणि नवं कार्ड लिहिलं. आत्याचं अख्खं नाव, जन्मसाल, आणि पुढे मृत्यूच्या सालाची जागा कोरी. पाठीमागे तो येऊन उभा राहिलेला मला न बघता कळलं.

"येऊ का आता खिडकीवर?"

"तीन दिवस कुठे होतास?"

"आईला मनवत होतो. दोन गोष्टींसाठी. एक झाली. दुसरी... तू हो म्हणालीस तर."

"लोक म्हणतील, हिनं नवऱ्याचं आडनाव लावलं."

"म्हणतील."

"मी एकेकाला रस्त्यात थांबवून सांगेन."

"मी शेजारी उभा राहीन," तो म्हणाला. मी हो म्हटलं. रडत म्हटलं, पण हो.

लग्न नोंदवायला आम्ही चौघंच गेलो, आम्ही दोघं, त्याची आई आणि आत्या. कारकुनानं अर्ज भरता भरता माझ्या रकान्यात लिहिलंसुद्धा – विवाहानंतर पतीचं आडनाव. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या पुढे सरकली. आयुष्यात स्वतःसाठी चकार शब्द न काढलेली बाई.

"ते तिचं स्वतःचं आहे. खोडा."

"अहो आजी, आडनाव एकच तर आहे. काय फरक पडतो?"

"चाळीस वर्षांचा पडतो," आत्या म्हणाली, आणि तो खोडेपर्यंत त्याच्या टेबलावरून हात काढला नाही.