कालव्याकाठच्या घरातली बाई

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. पद्मिनी माझी सख्खी मामेबहीण. ऑक्टोबर २००५, ओहायोतलं डब्लिन.

पद्मिनीला सातवा महिना होता. आई बाळंतपणाला येणार, तर तिचा व्हिसा रिजेक्ट झाला. नवरा राजीव आठवडाभर टेक्सासला क्लायंटकडे. त्यात मालिनीमावशी फिरायला आलेली. तिला गुहा दाखवून झाल्या, सफरचंदांचे मळे झाले. ड्राइव्ह करून पद्मिनी पार मेटाकुटीला आली होती.

शेवटी राहिलं कालव्याकाठचं जुनं गाव. एके काळी तिथे घोडे काठावरून बोटी ओढायचे. आता सगळं म्युझियम. स्टाफही जुन्या काळचे कपडे घालतो.

टोकाच्या घरात एक बाई बसली होती.

रिकामा पाळणा हलवत... करकर... करकर...

"काय हुबेहूब करते गं!" मावशीने कौतुकाने तिला कुंकू लावलं, ओटीत सफरचंद घातलं. "बाई, आमच्या पोरीला इथे कुणी नाही. बाळंतपणात जरा लक्ष ठेव हो."

"मावशी, तिला मराठी कुठे कळतंय!"

बाईने पद्मिनीच्या पोटाकडे पाहिलं...

आणि मान हलवली.

बाहेर तिकीटवाली म्हणाली, त्या घरात आमचं कुणीच नसतं. बोटींच्या काळात, तापाच्या साथीत तिथली तान्ही मुलं गेली, मागोमाग त्यांची आई.

दोघी परत गेल्या. घर रिकामं होतं.

मावशी भारतात परतली. डिसेंबरात पद्मिनीला मुलगा झाला. आठवड्याने राजीव पुन्हा टेक्सासला.

बाळ रात्रंदिवस रडायचं. एका दुपारी ते रडत असतानाच पद्मिनीचा सोफ्यावर डोळा लागला.

जाग आली तेव्हा... घर शांत होतं.

ती धावली. बाळ गाढ झोपलेलं. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. तशी गाठ पद्मिनीला मारताच येत नव्हती.

घराच्या दाराची चेन आतूनच लावलेली होती.

"यार, तू एक्झॉस्ट झाली आहेस," राजीव फोनवर म्हणाला. "झोप जरा."

दुसऱ्या दुपारी बाळ पुन्हा रडायला लागलं. पद्मिनी खोलीच्या दारापर्यंत गेली.

आतून आवाज आला... करकर...

रडणं थांबलं.

"मग तू आत गेलीस ना?" मी विचारलं.

"नाही रे. सोफ्यावर येऊन पडले. भीती खूप वाटत होती, पण झोप त्याहून जास्त येत होती."

यंदा, २००८ मध्ये, पद्मिनीला पुन्हा दिवस गेलेत. या वेळी आईचा व्हिसाही झालाय.

पण पद्मिनीने तिला येऊ नकोस म्हणून कळवलंय. हे ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.