पाच फूट हवा

ताईच्या खोलीतला पाइप बुजवायचा की नाही, एवढंच मला पाहायचं होतं. पलंगाशेजारी फरशीतून वर आलेला तो जुन्या मोरीचा पाइप, खालून कधीच बंद केलेला. खिडकीतून वारा आला की घुमायचा. आठवडाभर ताईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"जन्मभर शाळेत पोरांना आवाजाचं शास्त्र शिकवलंस ना? मग आता याला गप्प कर."

मी दोरीला वजन बांधून आत सोडलं. पाच फुटांवर तळ लागला, कोरडा. तोंडाशी कान नेला. पाच फूट हवेचा असावा तसाच खोल सूर होता. बरं वाटलं. मग वारा पडला, पुन्हा आला, आणि सूर चढू लागला. बाटली भरताना चढतो तसा, सावकाश... बरोबर दुपटीवर जाऊन थांबला.

एका टोकाला बंद असलेल्या नळीतली हवा जोराच्या वाऱ्यात तिप्पट कंपनांवर उडी घेते. दुपटीवर नाही. दुप्पट म्हणजे हवा निम्मीच उरली. म्हणजे खालून काहीतरी अडीच फूट वर आलं होतं.

पुन्हा दोरी सोडली. पाच फूट. कोरडी.

"काय रे?"

"काही नाही. वाऱ्याचा जोर वाढला की असं होतं."

"मग चार दिवस तुझ्याकडे येऊ का? इथं नको वाटतं."

माझे तीन जिने, तिची औषधं, माझी कंबर... थकलो होतो मी. आणि या म्हाताऱ्या कानांवर किती भरवसा ठेवायचा?

"कशाला उगीच? उद्या गवंडी आणतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी गवंड्याला घेऊन गेलो. पडदे फडफडत होते, पण पाइप गप्प होता. ताई पलंगाच्या अगदी कडेला बसली होती. चेहरा ताजातवाना.

"हळू बोल," ती कुजबुजली. "आत्ता कुठे डोळा लागलाय..."

"कुणाचा?"

"शहाणाच आहेस! आता मला न्यायला नको हं."

गवंडी उंबऱ्यातच थबकला. "साहेब, हे काम माझं नाही," म्हणाला आणि थापी न काढताच निघून गेला.

मी खिडकी लावली. पडदे थांबले. ताईच्या पाठीमागची चादर मात्र किंचित वर होत होती, खाली होत होती. चादरीखाली कुणी मावेल एवढा उंचवटा नव्हता. सवयीनं घड्याळ पाहिलं.

मिनिटाला चार श्वास.

मोजताना चुकलोही असेन.