सदतीस अंश

"ओ बाई, तिथेच राहा! पाऊल टाकू नका!"

तिच्या काळजात असं धस्स झालं, की खांद्यावरची लॅपटॉपची बॅग घसरून कोपराशी आली. दारात एक उंच माणूस उभा होता. अंगात निळा डगला, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि दोन्ही हात आडवे पसरलेले.

"साप आहे का?" तिनं कसंबसं विचारलं.

"साप? छे हो!" तोच गोंधळला. "तुमचे बूट. बाहेरचे बूट आत आले की रोगराईही आत येते. हे घाला, औषधाच्या पाण्यात पाय बुडवा, आणि मग या."

त्यानं दिलेले बूट तिला दोन मापं मोठे होते. फटक-फटक आवाज करत ती आत आली, तेव्हा तो हसू दाबत होता. तिनं ते पाहिलं... आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

खरं तर ती इथं यायचीच नव्हती. अंडी उबवायच्या यंत्रांचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती कामाला होती, आणि अशा कामांना नेहमी सर जायचे. पण आज सर तापानं फणफणले होते आणि हॅचरीतून फोनवर फोन येत होते. मग उरलं कोण? ही! निघताना थोरला भाऊ म्हणाला होता, "भागूबाई, तू एकटी जाणार?" त्याचं तरी काय चुकलं? गॅस बंद केलाय की नाही हे बघायला ती रोज अर्ध्या जिन्यावरून परत जायची. स्वतःचाच फोन वाजला तरी दचकायची.

"तुमचे सर येणार होते ना?" हॅचरीवाल्यानं चालता चालता विचारलं.

"ते आजारी आहेत. म्हणून मी... मी आले."

त्यानं मागे वळून एकदा तिच्याकडे बघितलं. पहाटेपासून जागे असलेले, लाल झालेले डोळे. "बरं झालं," तो म्हणाला. सर आजारी पडले ते बरं झालं की ती आली ते, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

यंत्र चांगलं खोलीएवढं होतं. आत मांडणीवर मांडणी, ट्रेवर ट्रे, आणि ओलसर, उबदार, पिसांसारखा वास. कंट्रोलर बंद पडल्यामुळे पंखा हातानं बटण दाबून चालवावा लागत होता. हॅचरीवाल्यानं दार वीतभर उघडलं, तापमानाचा काटा पाहिला, पुन्हा लोटलं.

"बाहेर एवढी थंडी, आणि तुम्ही दार उघडताय?"

"पिल्लं पुरी वाढलीत आता. त्यांची स्वतःचीच ऊब एवढी असते, की हवा खेळली नाही तर आतल्या आत गुदमरतील. सदतीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. पहाटेपासून हेच चाललंय. दार, काटा, दार, काटा." त्यानं एक अंडं अलगद उचलून तिच्या कानाशी धरलं. "ऐका."

कवचाच्या आतून बारीकशी चिवचिव आली. जिवंत! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याची बोटं तिच्या केसांना जेमतेम लागली होती, पण तो काटा त्या स्पर्शाचा नव्हता... निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

"संध्याकाळपर्यंत चोच मारायला लागतील," तो हळू आवाजात म्हणाला. "मागची अख्खी खेप गेली. आत्या म्हणाली, ही पण गेली तर कुलूप लावायचं. पिल्लं मारायला मी हॅचरी काढली नव्हती म्हणे."

आत्या म्हणजे बाहेरच्या बाकावर शाल गुंडाळून बसलेल्या बाई. त्याला त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. आज सकाळपासून त्यांनी आत पाऊल टाकलं नव्हतं.

तिनं कंट्रोलरला केबल जोडली. स्क्रीनवर अक्षरं धावली, मग तीन, दोन... तिनं पटकन एक कळ दाबली. यंत्राचं चालू होणं तिथेच अडलं आणि काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकू लागला. हा बूटलोडर, मुख्य प्रोग्रॅमच्या आधी जागा होणारा. इथं चित्रं नसतात, 'नक्की ना?' असं सहसा कुणी विचारत नाही. कमांड लिहायची, एंटर मारायचं, की झालं. जे पुसलं ते गेलं.

तिनं मेमरीला तिचे बिघडलेले ब्लॉक विचारले. दोन आले, फॅक्टरीतूनच खूण होऊन आलेले. मग प्रोग्रॅम वाचून पाहिला, आणि मध्येच चूक आली.

"काय म्हणतंय?" त्यानं दाराजवळूनच विचारलं.

"तुमच्या ट्रेमध्ये फुटके खळगे असतात ना? त्यांचं तुम्ही काय करता?"

"रंगानं फुली मारतो. मग तिथं अंडं कुणी ठेवत नाही."

"ही मेमरी तशीच आहे. एक खळगा नव्यानं फुटलाय, आणि नेमका प्रोग्रॅमच्या जागेत."

"मग फुली मारा."

इतकं सोपं? तिला हसू आलं, पण क्षणभरच. सरांना विचारल्याशिवाय तिनं आजवर काही केलं नव्हतं. तिनं फोन लावला.

"स्क्रब मार," सर खोकत म्हणाले. "सगळं पुसून निघेल, खुणांसकट. मग नवा प्रोग्रॅम लिही. पाच मिनिटांचं काम आहे."

"पण सर... फॅक्टरीच्या खुणाही जातील. त्या परत कुठून आणायच्या? आज चालेल, आणि पुढच्या खेपेला मध्येच बंद पडेल."

"अगं, किती घाबरशील? मी सांगतोय ना!"

तिच्या कपाळावर घाम आला. सरांना नाही म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं. यंत्राच्या दाराच्या काचेपलीकडे ट्रे होते, आणि त्यांत ती चिवचिव.

"नाही सर," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "स्क्रब मी नाही करणार." आणि तिनं चक्क फोन ठेवला.

"बाप रे," हॅचरीवाला म्हणाला.

"बोलू नका माझ्याशी. मला आधी हे करू द्या."

तिनं फुटक्या ब्लॉकवर खूण केली. बरोबर आणलेल्या कार्डावरचा नवा प्रोग्रॅम आधी कंट्रोलरच्या तात्पुरत्या मेमरीत उतरवून घेतला. आता जुना पुसायचा. फक्त तेवढाच! त्याला लागूनच या यंत्राच्या तापमान मोजण्याच्या सगळ्या दुरुस्त्या साठवलेल्या होत्या. त्या गेल्या तर यंत्र चाळीसला सदतीस म्हणेल, आणि कुणाला कळायच्या आत... तिनं कमांड लिहिली. बोट एंटरवर नेलं, आणि ते तिथेच गोठलं.

"काय झालं?"

"मला नाही जमणार."

दार लोटून तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण आकडे वाचता येतात. वाचू?"

"वाचा. शेवटचा आकडा, किती पुसायचं तो."

"पाच. त्याच्यापुढे शून्यं. एक, दोन, तीन, चार, पाच... सहा."

"शून्यं पाचच हवीत."

"सहा आहेत."

तिनं पाहिलं. सहाच होती. एक शून्य जास्त! सगळंच पुसलं गेलं असतं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"अहो, तुम्ही दाबलं नाहीत ना," तो हळूच म्हणाला. "घाबरलात म्हणून दाबलं नाहीत. चांगलंच केलंत की."

असं तिला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. तिनं डोळे पुसले, एक शून्य खोडलं, आणि दोघांनी मिळून कमांड पुन्हा वाचली. मग तिनं एंटर दाबला. टक्के सरकू लागले. वरचा दिवा एकदा मिणमिणला तेव्हा तिनं त्याचा दंड घट्ट धरला, आणि मग सोडायचाच राहून गेला.

"काटा बघा!" तीच ओरडली. तो दाराकडे धावला.

पुसून झालं. लिहून झालं. लिहिलेलं परत वाचून तिनं ताडून पाहिलं, अक्षर न् अक्षर जुळलं. तिनं कंट्रोलर चालू केला... एक क्षण काहीच नाही. आणि मग आतला पंखा आपला आपण फिरू लागला. त्यानं बटणावरचा हात सावकाश काढून घेतला, जणू झोपलेल्या बाळाखालून काढावा तसा.

संध्याकाळी पहिलं कवच तडकलं तेव्हा ती तिथेच होती. आत्या तिच्याकडे बघून नुसत्या मान हलवत राहिल्या. गाडीवर सोडायला तो आला, पण वाटेत दोघांनी थंडीशिवाय दुसऱ्या कशाबद्दल चकार शब्द काढला नाही.

सर बरे होऊन आले आणि तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी, "तुझं बरोबर होतं," एवढं पुटपुटून आपल्या खुर्चीत जाऊन बसले. आणि रोज संध्याकाळी हॅचरीतून फोन येऊ लागला.

"सदतीस आहे," तो सांगायचा.

"छान," ती म्हणायची.

मग थोडा वेळ कुणीच काही बोलायचं नाही... आणि फोनही कुणी ठेवायचं नाही.

एके दिवशी फोन आलाच नाही. तिनं लावला, तर बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. तिच्या डोक्यात नाही नाही ते येऊ लागलं. आग लागली असेल, यंत्र पुन्हा बंद पडलं असेल. की त्यालाच काही... रजा टाकून तिनं पहाटेची गाडी धरली. एकटीनं, कुणालाही न सांगता.

हॅचरीत सामसूम होती. यंत्राची दारं सताड उघडी, आतले ट्रे रिकामे, पंखा थांबलेला. तिनं एक ट्रे ओढून पाहिला, त्यात एक कवचही नव्हतं.

"अगं पोरी, तू इथं कशी?" आत्या ओला खराटा घेऊन बाहेर आल्या. "खेप सुखरूप गेली, आता धुणं चाललंय. त्याचा फोन पडला औषधाच्या पाण्यात. आणि तो तर सकाळीच शहरात गेला, तुझ्याच ऑफिसात. अंघोळ करून, भांग पाडून! मी विचारलं, मशीन बिघडलंय का? तर लाजला."

एवढ्यात तिचा फोन वाजला. सरांचा नंबर होता. ती दचकली, पण आवाज सरांचा नव्हता.

"तुम्ही कुठे आहात?"

"तुमच्या हॅचरीत. तुम्ही?"

"तुमच्या खुर्चीपाशी. सगळे माझ्याकडे बघतायत." तो थांबला. "मी गाडीत सगळं पाठ केलं होतं. आता एक शब्द आठवत नाही. मला... रोज तुम्हाला तापमान सांगायचं नव्हतं हो."

"माहीत आहे. ते काय, रोज सदतीसच असायचं."

"मग? माझ्याशी... लग्न... म्हणजे, विचार कराल?"

तिच्या छातीत इतकं धडधडत होतं, की ते त्याला फोनवर ऐकू जाईल असं तिला वाटलं.

"मला भयंकर भीती वाटतेय," ती म्हणाली.

पलीकडून खूप हळू, "म्हणजे नाही?"

"भीती वाटतेय म्हणाले मी. नाही कुठं म्हणाले?" तिनं एक श्वास घेतला. "हो म्हणतेय. या लवकर. दुपारची गाडी चुकवू नका."

पलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि सरांचा खोकला ऐकू आला.

आत्यांनी खराटा भिंतीला टेकवला, बाकावर बसून एका बाजूला सरकल्या, आणि शालीचं अर्धं टोक तिच्यासाठी धरून ठेवलं.