दार उघडं राहावं म्हणून

राहात्याच्या पेरूवाल्यांच्या रांगेपुढं ती लांबलचक गाडी येऊन थांबली, तेव्हा मार्गशीर्षातला चुकार शिरवा नुकताच सुरू झाला होता. ऊन आणि पाऊस एकाच वेळी. टोपल्यांतले पेरू ओले होऊन चकाकत होते, आणि गाडीच्या बदामी पाठीवर थेंब पडत होते टपटप… जशा कुणी अक्षता टाकाव्यात.

काच खाली झाली. आतून एका मुलीनं हाक मारली, "अहो, निळा सदरा! ते टोपलं जरा मागच्या सीटवर ठेवता का? मला उतरता येत नाही. उतरले की ही बंद पडते, आणि बंद पडली की रुसते."

निळ्या सदऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं. आपणच आहोत याची खात्री झाल्यावर त्यानं पेरूंचं टोपलं उचललं, मागचं दार उघडलं आणि वाकून आत सरकवायला लागला. एवढ्यात ते जाडजूड दार सावकाश, अगदी मन लावून, परत आलं आणि त्याच्या पाठीत बसलं. टोपलं कलंडलं. पेरू निघाले रस्त्यानं, जो तो आपल्या वाटेनं.

"अगं आई गं! दार आहे का धपाटा?"

ती खळखळून हसली. हसताना तिचा क्लचवरचा पाय सुटला, गाडीनं एक हिसका दिला आणि बंद पडली.

"घ्या! आता तुम्हीच ढकलायची."

"म्हणजे मार पण आम्हीच खायचा आणि ढकलायचं पण आम्हीच?"

"पेरू पण गोळा करायचेत," ती खाली उतरत म्हणाली.

तिचं नाव सृष्टी. बेलापूरच्या काकासाहेबांची, म्हणजे तिच्या आबांची, एकुलती एक लेक. त्याचं राजस. दोघं पाऊस झेलत पेरू वेचत होती, तेव्हा त्याची नजर दाराच्या बिजागरीवर गेली. तिथं काहीतरी खोचलेलं होतं. त्यानं ते उपसून काढलं.

"हे… ऊस आहे?"

"टेकण आहे. दार उघडं राहावं म्हणून."

"उसाचं टेकण!"

"आमच्याकडं दुसरं काय मिळणार? पण टिकत नाही. मुंग्या खातात." तिनं ते कांडं त्याच्या हातातून हिसकून घेतलं. "हसू नका. आतली स्प्रिंग गेलीय. नवी आणलीय पुण्याच्या जुन्या बाजारातून, पण बसवायची कशी? सगळे म्हणतात, पहार घाला आणि दाबा. आम्ही घातली. स्प्रिंग उडाली ती थेट ओसरीवरच्या रांजणावर. रांजण फुटला, आबांच्या बोटाला लागलं, आणि आत्या अजून बोलत नाही माझ्याशी."

राजस हसला नाही. तो गाडीकडं बघत होता… पुढच्या चंदेरी जाळीकडं, मागच्या पसरट शेपटीकडं.

"ही बेलापूरची वरातीची इंपाला ना?" त्यानं हळूच विचारलं. "माझी आई हिच्यातून आली होती. बेलापूरहून राहात्याला."

त्यानं ओल्या दारावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. आई आता नाही, हे सृष्टीला त्या हाताकडं बघूनच कळलं.

साखर कारखान्याच्या कुण्या साहेबाकडून सृष्टीच्या आजोबांनी ही गाडी घेतली. आणि तेव्हापासून बेलापुरातल्या लेकी तिच्यातून सासरी जायला लागल्या. तिचा एक रिवाज होता. नवरी मागच्या सीटवर बसायची, दार सताड उघडं राहायचं, आणि आई बाहेर उभी राहून लेकीची ओटी भरायची. दाराला कुणी हात लावायचा नाही. वऱ्हाड खोळंबो, बँडवाले जांभया देवोत. आईचं बोलून होईल, रडून होईल, तिच्या मनाची तयारी होईल, तेव्हा ती स्वतःच्या हातानं दार लावणार. त्याआधी ते आपणहून मिटलं तर आईचं काहीतरी सांगायचं राहून गेलं, असं बाया म्हणायच्या.

आणि आता ते मिटत होतं. गेल्या लग्नात ओटीतलं खोबरं दारात चेपलं गेलं, तेव्हापासून काकासाहेबांनी गाडी वरातीला काढली नव्हती. शिर्डीच्या एका हॉटेलवाल्यानं तिला मागणी घातली होती. दारापुढं शोभेला उभी करायला.

"परवा निकिताचं लग्न आहे," सृष्टी म्हणाली. "माझी मैत्रीण. शेजारची. तिची आई गावातल्या गावात दिलेली, तीसुद्धा हिच्यातूनच आली. आबा म्हणालेत, तोवर दार नीट झालं तर गाडी वरातीला. नाहीतर… हॉटेलवाल्याला फोन."

राजसनं शेवटचा पेरू सदऱ्याला पुसला आणि तिच्या हातावर ठेवला.

"पहार नाही चालत. त्याला खेकडा लागतो."

"काय लागतो?"

"खेकडा! आमच्या आजोबांचं गॅरेज होतं इथं. त्यांच्या एका पान्याचं नाव. दोन नांग्या, मधे आटे. नांग्यांनी स्प्रिंग धरायची, आटे फिरवायचे, स्प्रिंग आवळत जाते. मग बिजागरीत ठेवायची आणि आटे सैल करायचे. हळूहळू." तो थांबला. "उद्या भंगारवाला येणार आहे सगळं न्यायला. मी त्यासाठीच आलोय पुण्याहून. गॅरेज मोकळं करायला."

"मग आज काढून ठेवा की तो खेकडा," सृष्टी म्हणाली. आणि मग, पेरूचा एक घास घेऊन, "उद्या घेऊन या. जेवायलाच या."

दुसऱ्या दिवशी तो आला. फडक्यात गुंडाळलेला पाना असा धरून आणला होता, जसं कुणी नवं बाळ आणावं. अंगणात चिंचेखाली गाडी उभी होती. ओसरीवर लंकाबाई आत्या घेवडा निवडत बसल्या होत्या. सृष्टीची आई ती लहान असतानाच गेली, तिला वाढवलं ते या आत्यानं.

"हाच का खेकडेवाला?" आत्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बस बाबा. रांजण तेवढा फोडू नको. नवा आनलाय."

"आत्या, बोललीस की माझ्याशी!" सृष्टी म्हणाली.

"मी त्याच्याशी बोलले."

पाना गंजून बसला होता. आटे हलेनात. राजस दात आवळून फिरवत राहिला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सृष्टीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला, चुलीच्या निखाऱ्यांवर धरला, डिझेलचे थेंब सोडले आणि फडक्यानं पकडून पिळला. कुईं करत आटे सुटले.

"तुम्हाला येतंय की सगळं."

"मला धग देता येते. पुढचं तुम्ही."

राजसनं नांग्या स्प्रिंगला लावल्या. काढल्या. उलट्या करून लावल्या. पुन्हा काढल्या.

"काय झालं?"

"खरं सांगू? मी… फक्त बघितलंय. आजोबा करायचे तेव्हा मी बाजूला बसून पेरू खायचो."

सृष्टी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ओसरीवर काकासाहेब, बोटाला चिंधी बांधलेले, मिशीतल्या मिशीत हसले. "खरं बोलतोय पोरगं. न्हाईतर पहारवाले समदे उस्ताद हुते."

"आठवा," सृष्टी त्याच्याजवळ उकिडवी बसत म्हणाली. "डोळे मिटा आणि आठवा. आजोबा काय करायचे? पहिल्यांदा काय?"

त्यानं डोळे मिटले. चिंचेची पानं त्याच्या केसांवर पडत होती. तिला ती काढावीशी वाटली… तिनं हात मागे घेतला.

"पहिल्यांदा… गोधडी टाकायचे. स्प्रिंग उडाली तरी अंगावर येऊ नये म्हणून. दाराखाली जॅक लावायचे, दाराचा भार बिजागरीवर नको. मग नांग्या… आतल्या बाजूनं! वेढ्यांच्या आत. आणि म्हणायचे, घाई केलीस की ती उडते, धीर धरलास की बसते."

मग ती दोघं एका गोधडीखाली हात घालून बसली. तो स्प्रिंग धरून, ती आटे फिरवत. न दिसणाऱ्या कामात बोटांना बोटं लागत होती आणि दोघंही लागली नाहीत असं दाखवत होती.

"अजून?"

"अजून थोडं… थांबा. बास."

"बसली?"

"खाचेत गेली. आता सैल करा. हळू…"

ती आटे सोडत गेली. आत कुठंतरी टक् असा इवलासा आवाज झाला. राजसनं गोधडी काढली, जॅक उतरवला. सृष्टीनं दार उघडलं आणि हात काढून घेतला.

दार राहिलं. वारा आला, चिंच हलली, दार तसंच.

काकासाहेब उठले आणि धोतराच्या सोग्यानं दाराची मूठ पुसायला लागले.

निकिताच्या वरातीला गाडी चालवायला सृष्टीच बसली. आबांचे हात हल्ली थरथरतात, म्हणून सगळ्या वराती तिच्याच. दरवेळी बाया तिला तेच चिडवायच्या, आणि आज आत्यांनीच सुरुवात केली, "साऱ्या गावाच्या पोरी पोचवतीस, तुझ्या वरातीला गाडी कोन हाकनार गं?"

"रिकामी जाईल," सृष्टी नेहमीसारखं म्हणाली. पण आज तिनं आरशातून गर्दीकडं पाहिलं. निळा सदरा होता. मांडवाच्या खांबाला टेकून.

निकिताच्या आईनं ओटी भरली. मग पदर सावरला. मग पुन्हा काही आठवलं, लेकीच्या कानात सांगितलं. मग नुसतीच उभी राहिली. बँड थांबला. दार उघडं होतं, कुणाचा हात नव्हता. लंकाबाई आत्यांनी बारीक आवाजात ओवी धरली,

"लेक निघाली सासरी, गाडी उभी येशीपाशी
दार ठेवा गं उघडं, माझा जीव तिच्यापाशी"

आरशात सृष्टीला दिसलं, राजसनं तोंड फिरवलंय. त्याचीही आजी इथंच, याच दारापाशी अशीच उभी राहिली असेल. आत त्याची आई, हिरव्या शालूतली, अजून कुणाचीच आई नसलेली…

निकिताच्या आईनं दार लावलं. सावकाश. स्वतःच्या हातानं.

संध्याकाळी गाडी अंगणात परतली तेव्हा राजस ओसरीवर चहा घेत होता. कारखान्याकडून मळीचा गोडसर, आंबूस वास येत होता. आबा आत फोनवर हॉटेलवाल्याला सांगत होते, "न्हाई, न्हाई. आमी द्यायची न्हाई ठरवलं. तुमी दुसरीकडं बघा."

सृष्टीनं मागचं दार उघडलं आणि सीटवरचा पाना काढला.

"हा तुमचा खेकडा."

"हं." त्यानं पाना धरला. तिनं सोडला नाही. "भंगारवाला परत गेला," तो म्हणाला. "बाकीचं पण न्यायचं नाही म्हणालो. शटर अर्ध्यावर ठेवून आलोय."

"अर्ध्यावर का?"

"पुरतं वर करायचं का पाडायचं, ते… कुणाला तरी विचारायचं होतं."

ती पान्याकडं बघत राहिली.

"सृष्टी," तो पहिल्यांदाच नाव घेऊन म्हणाला, "तुझ्या वरातीला गाडी… नवऱ्यानंच हाकली तर चालतं का? तसा रिवाज नाही, माहीत आहे मला."

चिंचेवर बगळे उतरत होते. केवढा तो गलका. तरी तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"येते का तुला ही चालवायला?"

"नाही."

"मग? फक्त बघितलंय?"

"फक्त आरशातून बघत होतो. चालवणारीला."

तिच्या गालावर रंग चढला. तो लपवायला ती गाडीकडं वळली. "आणि मी काय एकटीच मागं बसू?"

"पुढं बस. माझ्या शेजारी."

"पुढच्या दाराची स्प्रिंगसुद्धा गेलीय."

"अरेरे," राजस म्हणाला, आणि त्यानं पाना सोडून दिला. तो तिच्याच हातात राहिला. "मग खेकडा इथंच राहू दे. पुढच्या शनिवारी येतो. वेळ लागेल पण… नीट करायचं तर."

"घाई केली की उडते," ती हळूच म्हणाली.

"गाडीचं दार लावा गं कुनीतरी, मांजर शिरंल!" आत्या पदराला हात पुसत स्वतःच बाहेर आल्या. दोघं चटकन दूर झाली. आत्यांनी दारावर हात ठेवला, सृष्टीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, मग तिच्या हातातल्या पान्याकडं. डोळे भरून आले तसा त्यांनी हात काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या उघडं," त्या आत वळत म्हणाल्या. "मी मिटीन तवाच मिटायचं. माझं अजून लई बोलायचं ऱ्हायलंय हिच्याशी."