फळ्यावरचा खुनी

मे महिन्यातली भर दुपार. सदर भागातल्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि अशा उन्हात कोणी जिना चढून येतंय म्हटल्यावर धोंडबाची डुलकी मोडली ती मोडलीच. सारा जन्म पोलिसात काढून तो आता शोभाताईंच्या कचेरीत बसायचा. खाजगी चौकशा त्या करायच्या. त्यांच्यासोबत हिंडणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं, एवढं धोंडबाचं काम.

आलेल्या मुलीने पदराने डोकं-कान गच्च बांधले होते. ती दारातच म्हणाली, "मी जया. सीताबर्डीच्या वाचनालयात पुस्तकं देते-घेते. म्हणजे सकाळपर्यंत देत होते."

"आधी पाणी प्या, मग सांगा," शोभाताई म्हणाल्या.

जयाने सांगितलं ते असं. आनंदरावांची नवी रहस्यकादंबरी, ‘वाळ्याच्या पडद्याआड’, रविवारी वाचनालयाच्याच हॉलमध्ये प्रकाशित व्हायची होती. आज सकाळी दारातल्या फळ्यावर कोणीतरी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून ठेवलं: खून डॉक्टरने केला, वाळ्याच्या पडद्यावर शिंपडायच्या पाण्यात विष कालवून. कादंबरीचा शेवट नेमका तोच. पुस्तक बाहेर यायच्या आतच रहस्याचं मातेरं झालं.

"प्रकाशक चंपतराव. वाचनालयाचे चिटणीसही तेच. शिवून झालेली एकुलती एक प्रत त्यांनी माझ्या टेबलात ठेवायले दिली होती. पेपर वाचायले आलेल्या सगळ्या लोकांसमोर म्हणाले, हिनंच फोडलं. असल्यांना खुर्चीवर बसवलं हीच चूक झाली." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "ताई, आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिलीच. नोकरी गेली तर गेली, पण चोर म्हणून नको."

धोंडबाला वाईट वाटलं. "तू वाचलं होतं काय वं?"

"अर्धं." तिने पिशवीतून प्रत काढली. शोभाताईंनी कडेवरून बोट फिरवलं. शेवटची पानं अजून एकमेकांना जोडलेलीच होती. चाकूने कापलीच नव्हती.

"आनंदराव कसे आहेत?"

"देवमाणूस. ऊन तापलं की त्यांचं लिहिणं बंद, नुसतं वाचन. तसेही ते महिन्याला एक प्रकरण लिहिणारे. उन्हाळ्यासाठी पुस्तकं निवडून नेतात, अन् परत करताना एकेका पुस्तकावर माझ्या टेबलापाशी उभं राहून तासभर बोलतात. यंदा एक जुनी इंग्रजी कादंबरी नेली, छावणीतल्या कोण्या साहेबाच्या बंगल्याची. तिच्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. फक्त विचारलं, हिची दुसरी प्रत गावात कोणाजवळ असेल का? मी म्हटलं, नसावी. अन् तीच परत घरी घेऊन गेले."

"वाचनाचा नाद भारी हाय माणसाले," धोंडबा म्हणाला.

धोंडबाचा संशय चंपतरावांवर होता. बोंब मारायची आणि पुस्तक खपवायचं, हा धंदा त्याला ठाऊक होता. त्यांच्या छापखान्यात शिरल्या शिरल्या त्याने तसं विचारलंसुद्धा.

चंपतराव चांगलेच तापले. "जाहिरात म्हणता? दुकानदार आर्डरी परत घेऊन राहिले, साहेब. गुपित राहावं म्हणून शेवटच्या सोळा पानांचे खिळे मी स्वतः जुळवले, पानं स्वतः छापली अन् घरी नेऊन ठेवली. बाकी प्रतींना ती अजून जोडलेलीच नाहीत. मी, लेखक अन् ती पोरगी. चौथ्याले कसं कळंल?"

"तिच्या प्रतीची पानं कापलेली नाहीत," शोभाताई म्हणाल्या.

"न कापताही पानं फाकवून आत पाहता येते की."

"मग आता पुस्तकाचं काय?"

चंपतरावांचा चेहरा निवळला. "आनंदराव धावून आले म्हणून वाचलो. सकाळी फळ्याची भानगड झाली, अन् जेवणाच्या आत नवा शेवट माझ्या हातात. बरोबर सोळा पानांचा, एक खाडाखोड नाही. कोणावर चिडले नाहीत की काही नाही."

"सकाळी वाचनालयात पहिलं कोण येतं?"

"जया कुलूप उघडते अन् माठ भरायले मागे जाते. तोवर पेन्शनर मंडळी येतात. आनंदरावही रोजचेच."

बाहेर पडल्यावर धोंडबा हळूच म्हणाला, "ताई, हा माणूस खरं बोलून राहिला असं वाटते."

"मलाही. आणि बोलता बोलता सगळं सांगूनही गेला."

धोंडबाने काय सांगून गेला म्हणून पुष्कळ डोकं खाजवलं, पण काही हाती लागलं नाही.

आनंदरावांच्या खोलीत वाळ्याचा पडदा ठिबकत होता. खाटेशेजारी पुस्तकांची चळत. त्यांनी हौसेने एकेक पुस्तक उचलून दाखवलं. हे भाषेसाठी, हे हसण्यासाठी, हे निव्वळ झोप येत नाही म्हणून. बोलणं इतकं रसाळ की धोंडबालाही एखादं वाचावंसं वाटलं.

"आणि ते?" शोभाताईंनी विचारलं. तळाशी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक होतं.

"ते टाकाऊ आहे."

"मग मी नेते."

"नको. अजून वाचून व्हायचंय."

शोभाताईंनी मान डोलावली. "फळ्यावर कोणी लिहिलं असेल?"

"असेल कोणी टवाळ. झालं ते झालं."

"जयाची नोकरी गेली त्यापायी."

आनंदरावांचा हात पुस्तकावरच राहिला. "कोणाची?" त्यांनी विचारलं.

जिना उतरताना धोंडबा म्हणाला, "म्हातारा बिचारा हबकला."

"त्याला दोन दिवस देऊ," शोभाताई म्हणाल्या. "आपण होऊन बोलला तर बरं."

आनंदराव बोलले नाहीत. रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये पुढे खुर्च्या आणि मागे सतरंज्या मांडल्या जात असताना शोभाताईंनी आतल्या खोलीत चंपतराव, आनंदराव आणि जया यांना बसवलं. दार लोटून धोंडबा उभा राहिला.

"ज्याला पुस्तक बुडवायचंय, तो काय करेल?" त्यांनी सुरुवात केली. "सगळ्या प्रती दुकानात जाईपर्यंत थांबेल, मग बोभाटा करेल. इथे उलट झालं. सोळा पानं बदलता येतील अशा वेळी बोभाटा झाला. म्हणजे कोणाला पुस्तक नाही, त्याचा शेवट बुडवायचा होता."

चंपतराव पुढे सरकून बसले.

"महिन्याला एक प्रकरण लिहिणाऱ्या माणसाने जेवणाच्या आत सोळा पानं दिली, खाडाखोड न करता. ती आधीच लिहिलेली होती. फळ्यावर खडू लागण्याआधीच."

"पण काहून?" धोंडबाला राहवलं नाही.

"पुस्तक आवडलं की माणूस त्या लेखकाचं आणखी काही मागतो. दुसरी प्रत कोणाजवळ आहे, हे तो विचारतो ज्याला त्या पुस्तकाची भीती वाटते. टाकाऊ म्हणायचं, हातचं सोडायचंही नाही. आनंदराव, त्या छावणीतल्या बंगल्यात खून कोण करतं?"

आनंदरावांनी चष्मा काढला. "डॉक्टर," ते म्हणाले. "वाळ्याच्या ताट्यांवर शिंपडायच्या पाण्यात विष घालून. कॉलेजात असताना वाचली असणार. आठवत नाही, हेच तर भयंकर आहे. मला वाटत होतं, हे मला सुचलंय. आयुष्यभर एवढं वाचलं, की माझं कुठलं आणि वाचलेलं कुठलं, हेच कळेनासं झालं. उन्हाळ्यात सहज ती हाती आली, तोवर पुस्तक छापून झालं होतं. चंपतरावांना कुठल्या तोंडाने सांगणार, मी चोरी केली म्हणून? जया माठ भरायला गेली, आणि मी खडू उचलला."

"अन् माझं काय होईल?" जयाने विचारलं.

"तुला खोटं सांगत नाही," ते म्हणाले. "वाचकांचा विचार केला, चंपतरावांच्या कागदाचा केला, माझ्या नावाचा तर फारच केला. तुझा विचार मनात आलाच नाही. शोभाताईंनी सांगितलं तेव्हा आला, आणि तरी मी दोन दिवस गप्प बसलो. मला त्याची लाज वाटते."

बाहेर लोक जमू लागले होते. चंपतरावांनी घाईने घाम पुसला. "झालं तर मग. जया, उद्यापासून ये तू कामावर. हे चार भिंतीतच राहू द्या. लोकं आली आहेत."

जया उठली नाही. "त्या दिवशी सकाळी चार भिंतीत नाही म्हटलं तुम्ही. सगळ्यांसमोर म्हटलं."

"आता पुस्तकाच्या दिवशी कसं..."

"मग मी येत नाही," ती म्हणाली.

धोंडबाला वाटलं, पोरीने हातचं घालवलं. तोवर आनंदराव उठून बाहेर गेले होते. मंचावर चढून त्यांनी हारतुरे बाजूला सारले.

"रहस्यकथेत गुन्हेगार शेवटी सांगतात," ते म्हणाले. "आज मी आधी सांगतो. फळ्यावर मीच लिहिलं." लोक हसले. त्यांना गंमत वाटली. मग आनंदरावांनी ती इंग्रजी कादंबरी वर धरली आणि सगळंच सांगितलं, अगदी जयाचा विचार मनात आला नाही इथपर्यंत. हसू कधीच थांबलं होतं. बोलून झाल्यावर ते खाली उतरले आणि मंच मोकळा करून दिला.

आता सगळे चंपतरावांकडे बघत होते. ते दोनदा खाकरले. जया दाराशी उभी होती, आणि ती काही नजर खाली घालत नव्हती.

"जयाबाई," चंपतराव शेवटी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. माफ करा."

तिने मान डोलावली. मग पदर सावरून ती सरळ पुढच्या रांगेत गेली आणि खुर्चीवर बसली.