उरलेलं पान

बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या वर्षीची ही गोष्ट. दारव्ह्याचा जमीर दुपारच्या जीपनं बोरी अरबच्या रस्त्यावरच्या एका जिनिंग गिरणीपाशी उतरला. काम साधंच होतं, एक चूक दुरुस्त करायची. ती चूक त्याचीच होती, हे मात्र त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

चूक काय, तेवढं समजून घ्या. कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवर कॉम्प्युटर नजर ठेवायचा. प्रेसच्या पेटीत अडकलेली रुई काढायला उतरणारी बाई आधी बटण दाबायची; ‘आत’ अशी नोंद झाली की प्रेस चालूच होत नसे. हे सगळं सांभाळणारं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारा कॉम्प्युटर, जमीरनं दिवाळीनंतर जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवलं, तेही चालू असताना. आधीच कापूस नावाला येत होता, त्यात मालक प्रेस थांबवू देईना. चालू मशीनची मेमरी पानापानानं उतरवून घ्यायची असते. उतरवलेलं पान मागाहून बदललं, तर त्यावर खूण करून ते पुन्हा उतरवायचं. जमीरच्या प्रोग्रॅममध्ये ही खूण क्वचित राहून जायची. घरी चाचणी घेताना त्यानं ते पाहिलं होतं. लाखात एखादं पान, म्हणून शहाण्यानं कानाडोळा केला.

त्या दिवशी पेटीत उतरणाऱ्या हंसाबाईनं बटण दाबलं, तेव्हा तिच्या नोंदीचं पान नेमकं उतरवून झालं होतं. त्यावर खूण पडली नाही. नव्या सर्व्हरच्या लेखी पेटी रिकामी होती. कुणीतरी प्रेस चालू केला, आणि हंसाबाई आत असतानाच तो चालू झाला.

हंसाबाईचा नवरा सेवादास आता तिथलाच चौकीदार. चहाचा कप ठेवून तो घुटमळला.

“जमीरभाई, चौकशीच्या कागदावर लिहून राह्यले का चूक तिचीच होती. तिनं बटन दाबलं होतं का नाही, एवढंच सांगा मले. पोरी इचारतात.”

“पाहून सांगतो, सेवादासभाऊ.”

जमीरनं कप बाजूला सारला. खरं सांगावं तर धंदा बुडतो, वर पोलीस. न सांगावं तर मेलेल्या बाईवर बोल राहतो, कायमचा. त्याला स्वतःची शिसारी आली, तरी हात काम करत राहिले.

दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. खात्री करायला त्यानं मशीन परत जुन्या सर्व्हरवर ठेवून पुन्हा नव्यावर हलवायला घेतलं. भराभर पानं गेली. एक उरलं. ते उतरवलं की लगेच बदलायचं, पुन्हा उतरवलं की पुन्हा बदलायचं. गिरणी महिनाभर बंद होती. बटणाची तार तर त्यानं आल्याआल्या काढून टेबलावर ठेवली होती.

त्यानं पान उघडलं.

हंसाबाई: आत.

त्यानं ‘बाहेर’ लिहिलं. अक्षरं क्षणभर टिकली आणि पुन्हा ‘आत’ झाली. त्यानं तीनदा लिहिलं, चारदा लिहिलं. खोलीत गरम तेलाचा आणि ओल्या रुईचा वास भरला. पलीकडच्या प्रेसच्या शेडमधून कुणीतरी रुई तुडवत असल्याचा आवाज येत होता. धप... धप... घाईचा नव्हता, नेटाचा होता.

“या अल्ला, माफ कर,” तो पुटपुटला.

“दिसलं का काही?” दारात सेवादास उभा होता. त्याला तो आवाज ऐकू येत नसावा.

जमीरच्या डोळ्यांसमोर ‘आत’ लखलखत होतं.

“नाही... दाबलं नव्हतं तिनं.”

सेवादासनं मान हलवली. “ठीक आहे मंग. पोरींले तसंच सांगतो,” म्हणत तो निघाला.

शेडमधलं तुडवणं थांबलं. उरलेलं पान निमूट नव्या सर्व्हरवर गेलं. मशीन हलवून झालं होतं, आणि जमीरला, लाज वाटावी इतकं, हायसं वाटलं. त्यानं तेच पान नव्या सर्व्हरवर उघडून पाहिलं.

हंसाबाई: बाहेर.

ते त्यानं लिहिलेलं नव्हतं. त्याचे हात मांडीवर होते. खिडकीतून पाहिलं, तर सेवादास पार फाटकापाशी पोचला होता.

आणि जमीरच्या पाठीमागून, दारातून, एका बाईनं हळूच विचारलं,

“मंग... मी काय दाबलं होतं?”