वजनाला बसलेला माणूस

रोहित, तो पाना ठेव खाली आणि इकडे येऊन बस. आत्ताच. गाडी कुठे पळून जात नाही, तशीही ती पळायच्या लायकीची राहिलेली नाही. समिधा, तूही बस गं. पिंटू, तो मोबाईल बंद कर, नाहीतर वर जाऊन झोप.

आत्ता तू गाडीखालून ओरडलास ना, "कोणीतरी या रे, जरा गाडीत बसा"... ते ऐकून माझ्या छातीत धस्स झालं. हसू नकोस. आजोबा म्हातारे झाले, असं वाटतंय ना? वाटू दे. पण ही गोष्ट ऐक, मग पुन्हा हात घाल त्या गाडीला.

उत्तनचा जेरोम तुम्हाला माहीत आहे. नाताळात आपल्याकडे फराळ घेऊन येतो तोच. मी आणि तो भाईंदरच्या एका स्टीलच्या कारखान्यात बावीस वर्षं एकाच पाळीत होतो. मी पॉलिशला, तो फिटर. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी किती! स्वतःच्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्याला खपायचा नाही. वीस वर्षांची जुनी गाडी, मूळची पांढरी, नंतर पार पिवळट पडलेली. शॉकअप, स्प्रिंगा, ब्रेक, सगळं घरच्या अंगणात स्वतः करणार. मी काही बोललो की मला म्हणणार, "बाला, ही गाडी माझं ऐकते."

मी सांगतोय ती रात्र विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवसाची. एकोणीस नोव्हेंबर, मंगळवार. त्या दिवशी सकाळी जेरोम काशीगावला गेला होता, हायवेच्या बाजूला स्पेअर पार्टची दुकानं आहेत तिथे. गाडी डावीकडे खाडखाड वाजायची, म्हणून त्या बाजूचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा दांडा, आणि त्याचे बुश घेतले. येताना लेकीसाठी दोन शहाळी घेतली. आरामात घरी आला, जेवला, झोपला.

त्याची लेक टॅनिया तेव्हा बाळंतपणाला आलेली होती. नववा महिना. आता नीट ऐका, कारण सगळा जीव तिथे अडकलेला होता. त्या पोरीची आधीची दोन्ही पोटातच गेली होती. दोन्ही! हे तिसरं. नवरा प्रिन्स बोटीवर, लांब कुठेतरी. डॉक्टरणीने जेरोमला बजावून सांगितलेलं, पहिली कळ आली की एक मिनिट थांबायचं नाही, सरळ घेऊन यायचं. तारखेला अजून दहा दिवस होते, पण जेरोमने ठरवलं की गाडी आजच्या आज तयार पाहिजे. ओळखीचा गॅरेजवाला आपल्या पोरांना घेऊन मतदानाला गावी गेलेला. तो असता तरी ह्याने गाडी दिली नसतीच म्हणा.

संध्याकाळी सहाला काम काढलं. एक बोल्ट गंजून असा चिकटलेला की निघता निघेना. तेल सोडलं, ठोकलं, शिव्या घातल्या. चार तास गेले त्यात. नवा आर्म बसवेपर्यंत अकरा वाजून गेले.

आता रोहितला माहीत आहे, पण तुम्हा दोघांना सांगतो. बुश रबराचे असतात. चाक हवेत लटकत असताना बोल्ट आवळला तर रबर पीळ खाऊन बसतं आणि महिन्याभरात फाटतं. म्हणून गाडी स्वतःच्या वजनावर उभी करायची आणि मग बोल्ट शेवटचा आवळायचा. होड्यांखाली लावतात ते लाकडी ओंडके घ्यायचे, पुढची चाकं त्यांच्यावर चढवायची आणि हा खाली सरकायचा. एवढ्याने भागत नव्हतं त्याचं. म्हणायचा, गाडीत माणूस बसतो ना, मग वजनही माणसाचंच पाहिजे. कोणाला तरी सीटवर बसवायचाच. आणि बसणाऱ्याला ताकीद, मी "उतर" म्हणेपर्यंत हलायचं नाही. मधेच उतरलास तर गाडी वर उठते, पाना सटकतो, तोंड फुटतं. मी स्वतः कितीदा बसलोय त्याच्या गाडीत! तास तास. लघवीला जायची सोय नाही.

पण त्या रात्री बसायला कोण? डेझी, म्हणजे त्याची बायको, आत टॅनियाचे पाय चेपत होती. तिला उठवायचं ह्याच्या जिवावर आलं. शेजारचा कॉलिन जागा असतो उशिरापर्यंत. म्हणून ह्याने गाडीखालूनच आवाज दिला. नाव घेतलं असतं तर... पण न्हाय घेतलं. कॉलिन नाही तर त्याचा भाऊ येईल, जो जागा असेल तो येईल, असा हिशोब. ओरडला, "अरे, या रे कोणीतरी. बसा जरा. वजन पाहिजे."

पावणेबारा वाजले होते. अंगणात एक बल्ब. कुंपणापलीकडे मासे सुकवायच्या बांबूंच्या रांगा, आणि पुढे समुद्र. ओहोटी होती, त्यामुळे लाटांचासुद्धा आवाज नव्हता.

थोड्या वेळाने अंगणातल्या रेतीवर पावलं वाजली. सावकाश. घाई नाही. डावा दरवाजा उघडला. लागला. गाडी खाली बसली.

जेरोमने बघितलं नाही. नजर बोल्टावर. म्हणाला, "थँक्यू रे बाबा. मी सांगेपर्यंत उतरू नको हां."



ह्याने पाना लावला. मी बसायचो तेव्हा टायर आणि वरचा पत्रा ह्यांच्यामध्ये तीन बोटं जागा राहायची. त्या रात्री एक बोट जाईना. ह्याला वाटलं, कॉलिन जाड झालाय. त्याने तशी मस्करी पण केली. म्हणाला, "काय रे, रोज प्रचाराची बिर्याणी की काय?"

उत्तर नाही.

पहिला बोल्ट आवळला. दुसरा आवळायला घेतला. एवढ्यात घरातून डेझी किंचाळली, "जेरोम! लवकर ये! पाणी गेलं हिचं!"

हा उजव्या बाजूने सरपटत बाहेर आला. उठला. काचेतून आत बघितलं.

सीट रिकामी.

डावा दरवाजा बंद. अंगणात कोणी नाही. आणि गाडी... गाडी अजून डावीकडे दबलेलीच.

समिधा, तू ये इकडे, माझ्या बाजूला बस. असू दे, मलाही बरं वाटेल.

जेरोमने ते बघितलं. नीट बघितलं. पण लेक आत ओरडतेय, विचार करायला वेळ कुठे? दुसरा बोल्ट झटक्यात आवळला, गाडी मागे घेऊन ओंडक्यांवरून उतरवली. दोघांनी धरून टॅनियाला मागच्या सीटवर बसवलं. डेझी तिच्याजवळ. कपड्यांची बॅग पुढच्या सीटवर ठेवायला डेझीने दार उघडलं, तर जेरोम तिच्यावर केवढ्याने ओरडला, "तिथे नको!" का ओरडला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. बॅग मांडीवर घेतली तिने. मग निघाले. बारा वाजून दहा मिनिटं.

डोंगरी गाव गेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी सारखी डावीकडे ओढत होती. नवा आर्म, नवे बुश, तरी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवायला लागत होतं. मागे टॅनियाच्या कळा. एक यायची, जायची, मग जरा शांत. जेरोम मनात एकच म्हणत होता, हे तरी हाताला लागू दे, देवा, हे तरी लागू दे.

मोरवा मागे पडलं. मिठागरं लागली. दोन्ही बाजूंना पाणी, वर चंद्र. एक कळ गेली आणि टॅनिया बोलली. अगदी शांतपणे.

"पप्पा, त्यांना सांगा ना काच वर करायला. थंडी वाजते."

डेझी म्हणाली, "कोणाला गं?"

"पुढे बसलेत त्यांना."

...

जेरोमने मान वळवली नाही. फक्त डोळे वळवले. सीट रिकामी होती. काच निघताना पूर्ण वर होती. आता चार बोटं उघडी. मिठागराचा वारा आत येत होता.

डेझी मोठमोठ्याने "नमो मरिया"ची प्रार्थना म्हणायला लागली. आणि तेव्हा जेरोमच्या डोक्यात उजेड पडला. आपणच बसवलंय. मी सांगेपर्यंत उतरू नको, असं आपणच बोललोय. आणि "उतर" म्हणायचं राहून गेलंय.

एक शब्द होता! एक! तिथे मिठागरात गाडी क्षणभर उभी करायची आणि सांगून टाकायचं. मी नंतर त्याला ह्यावरून काय काय बोललो ते तुम्हा पोरांसमोर सांगत नाही. तो रडत म्हणाला, "बाला, जीभ उचलत नव्हती. आणि थांबलो असतो, आणि तेवढ्यात पोरीचं काही झालं असतं तर?" त्याचंही खरं होतं. मी काय करणार होतो त्याच्या जागी? मीही थांबलो नसतो.

ह्या आपल्या राई गावातूनच गेली ती गाडी. ह्या गेटसमोरून. मी वरती घोरत पडलेलो.

साडेबाराला भाईंदरला पोहोचले. दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी गाडी लावली. आतून आया धावत आली, व्हीलचेअर आणली. टॅनिया उतरली, डेझी उतरली, दोघी आत गेल्या. मागची सीट रिकामी झाली.

गाडी डावीकडे दबलेलीच.

जेरोम एकटा. हात स्टिअरिंगवर. सगळं बळ एकवटलं त्याने. आणि त्या सीटकडे बघून बोलला.

"काम झालं. उतर आता."



मग सीट कुरकुरली. गाडी वर उठली. हळूच, एखादं वयस्कर माणूस गुडघ्यावर हात टेकून उठतं तशी. दार उघडलं नाही. पण गाडी सरळ झाली.

जेरोम तिथेच ढसाढसा रडला. सुटलो, म्हणाला. गळ्यातल्या क्रुसाचं चुंबन घेतलं. गाडी बाजूला लावली, तोंड पुसलं आणि पायऱ्या चढला.

दारात वॉचमन होता. त्या दवाखान्यात पेशंटबरोबरच्या माणसांना पास देतात, लाल, प्लास्टिक चढवलेले, वर नंबर. त्याशिवाय वर सोडत नाहीत, आणि घरी जाताना परत करायचे. वॉचमनने जेरोमच्या हातात सोळा नंबर ठेवला.

जेरोम म्हणाला, "मिसेस को दिया ना?"

"हां, आंटी को चौदा नंबर दिया. पंधरा वो अंकल को दिया."

"कौन अंकल?"

"अरे, आप की गाडी से तो उतरे. अभी ऊपर गये, आंटी के पीछे-पीछे."

...

जेरोम धावला. त्याचे गुडघे दुखतात, तरी दोन दोन पायऱ्या चढला. वरचा पॅसेज लांब, ट्यूबलाईट लावलेली. बाकड्यावर डेझी एकटी. समोर लेबर रूमचं दार. बंद.

"इथे कोण आलं?"

"कोणी नाही."

"दार कोणी उघडलं?"

डेझी म्हणाली, "मघाशी आपोआप ढकललं गेलं. मला वाटलं, वाऱ्याने."

पोरांनो, मी त्याच्यावर चिडलो ते ह्यासाठी. एवढं मिठागर सोडलं, एवढा रस्ता सोडला, आणि त्याला उतरवलं कुठे? जिथे स्वतःची लेक बाळंत होत होती त्या दारात. आणि बिचाऱ्याला वाटलं, आपण पोरीला वाचवलं.

चार वाजून दहा मिनिटांनी आतून रडण्याचा आवाज आला. मुलगा. तीन किलोला थोडा कमी. टॅनिया सुखरूप, बाळ सुखरूप. जेरोमने त्याला हातात घेतलं, हातापायाची बोटं बघितली, पाठ बघितली, पुन्हा पुन्हा बघितलं. सगळं जिथल्या तिथे. डेझीला तो काही बोलला नाही. ती दोन रात्री बाळाच्या पाळण्याजवळ बसून होती, आणि हा पॅसेजमध्ये, दाराकडे तोंड करून. कोणी आलं नाही. कोणी गेलं नाही.

शुक्रवारी सोडलं. खाली वॉचमनने वही उघडली. चौदा आला, सोळा आला. पंधरा? जेरोम म्हणाला, आम्ही दोघंच होतो. वॉचमन म्हणाला, वहीत तीन लिहिलेत. शोधाशोध झाली. बॅग उपसली, पाळणा बघितला, गादी उचलली. नाही सापडला. वॉचमन म्हणाला, जाऊ दे अंकल, आणि पंधराच्या पुढची जागा रिकामी ठेवली.

घरी जायला त्याने त्या गाडीला हात लावला नाही, रिक्षा केली. त्याच महिन्यात गाडी भंगारात गेली. पोरगा आता दीड वर्षाचा आहे, गुटगुटीत. बारशाला मी गेलो होतो. त्या दिवशी जेरोमने मला मागच्या पडवीत नेलं, हे सगळं सांगितलं आणि कपाटातून रुमालात बांधलेली एक वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. मी पाहिली आहे ती. ह्या हातात धरली आहे.

शुक्रवारी घरी आल्यावर डेझीने बाळाला पलंगावर ठेवलं आणि दुपटं सोडायला घेतलं. ते दुपटं दवाखान्यातून निघताना तिने स्वतःच्या हाताने बांधलं होतं, घट्ट, आणि वाटेत बाळ एकदाही दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं नव्हतं. तिने पहिली घडी सोडली. दुसरी सोडली. सगळ्यात आत, बाळाच्या छातीला लागून, लाल पास होता.

पंधरा नंबर.